एक फोन, एक प्रोजेक्टर आणि पंचेचाळीस मुलं

पहिली ते चौथीच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या हातात टॅब असायलाच हवा असं काही नाही. बाईंचा एक फोन, एक प्रोजेक्टर आणि एक वायरचा स्पीकर एवढ्यावर पंचेचाळीस मुलांचा वर्ग रंगतो. पथ्य एकच पाळायचं: पडद्याने प्रश्न टाकायचा आणि बाजूला व्हायचं. बोलणं, मोजणं, चित्र काढणं हे काम मुलांचं. पडदा वीस मिनिटं सलग बोलत राहिला की सात वर्षांचं मूल गप्प बसतं खरं, पण ते नुसतं बघत असतं. ही शांतता म्हणजे एकाग्रता, असा समज वर्गावर्गांत दिसतो आणि तिथेच तास वाया जातो.

आधी खोली, मग ॲप

मुंबईतल्या वर्गांमध्ये दुपारच्या सत्रात उन्हाची तिरीप थेट भिंतीवर येते. खिडक्यांना पडदे नसतील तर ३००० ल्युमेनपेक्षा कमी उजेडाचा प्रोजेक्टर फिका पडतो. चित्र पाडायला खिडकीच्या समोरची भिंत घेऊ नका, खिडकीला लागून असलेली घ्या. भिंतीला ऑइलपेंट असेल तर मधोमध चकाकी येते आणि कडेच्या बाकांवरच्या मुलांना काहीच दिसत नाही. अशा वेळी चकाकी नसलेले पांढरे कार्डशीट जोडून लावा. चित्राची खालची कड जमिनीपासून निदान ४ फूट वर हवी, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात.

अक्षराच्या उंचीचा ठोकताळा असा: दर १० फुटांच्या अंतराला पडद्यावर १ इंच. शेवटचा बाक २५ फुटांवर असेल तर अडीच इंच. मराठीत त्याहून थोडं मोठंच ठेवा, कारण रफार, उकार आणि ऋकार बारीक टायपात विरून जातात. तपासायची सोपी युक्ती म्हणजे पडद्यावर ‘सूर्य’ आणि ‘पृथ्वी’ हे शब्द टाका आणि शेवटच्या बाकावर बसून वाचून बघा. रफार दिसला नाही तर टाइप वाढवा आणि दोन ओळींमधली जागाही वाढवा.

आवाजासाठी वायरचाच स्पीकर घ्या. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो, मग बडबडगीतात टाळी आणि ठेका जुळत नाही. शिवाय शेजारच्या वर्गातला फोन तुमच्या स्पीकरला जोडला जाण्याचा घोळ होतो तो वेगळाच. पंखे चालू, बाहेर लोकल धडधडतेय, अशा खोलीत स्पीकर पडद्याखाली ठेवला तर मागच्या बाकांपर्यंत शब्द पोहोचत नाहीत. तो खोलीच्या मध्याजवळ, मुलांच्या डोक्यांपेक्षा थोडा उंच ठेवा.

फोन पडद्याला जोडण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा. नाहीतर घरचे व्हॉट्सॲप संदेश दोन फूट उंचीच्या अक्षरांत सगळा वर्ग वाचतो. आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या. फोनला सी-टाइपचं तोंड आहे म्हणून एचडीएमआयच्या केबलवरून चित्र बाहेर जाईलच असं नाही. स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ती सोयच नसते. केबल विकत घ्यायच्या आधी कुणाची तरी मागून लावून बघा.

पावसाळ्यात प्रोजेक्टर आठ-आठ दिवस लोखंडी कपाटात पडून राहिला तर दमटपणाने लेन्सवर बुरशी धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वापर नसला तरी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं तो चालवा. बंद करताना आतला पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण काढू नका. गरम दिव्याचं आयुष्य त्यानेच कमी होतं.

पस्तीस मिनिटांचा एक तास

विषय भरती-ओहोटी, वर्ग तिसरी किंवा चौथी. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे, एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो लागतात. एकात रस्ता कोरडा आहे आणि माणसं चालतायत. दुसऱ्यात रस्ता पाण्याखाली.

पहिला फोटो लावा आणि पूर्ण एक मिनिट काही बोलू नका. मग विचारा, “काय काय दिसतंय?” ‘हे काय आहे?’ असं विचारलंत तर एक मूल ‘हाजी अली’ म्हणून मोकळं होतं आणि प्रश्न तिथेच संपतो. ‘काय काय’ला पंधरा उत्तरं येतात. पाचव्या मिनिटाला दुसरा फोटो. “रस्ता कुठे गेला?” एवढंच म्हणा आणि पडदा काळा करा. फोनऐवजी लॅपटॉप जोडला असेल आणि पॉवरपॉइंट चालू असेल, तर कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत येतं. या अख्ख्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर हे बटण उचला. उजळ पडद्यासमोर मुलं एकमेकांकडे बघतच नाहीत. तो काळा झाला की शेजाऱ्याकडे वळतात.

शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या. ‘पाऊस पडला’, ‘गटार तुंबलं’ अशी उत्तरं येतील. मुंबईच्या मुलाला पाणी साचल्याचा अनुभव आहे, त्यामुळे ही उत्तरं चुकीची असली तरी विचारातून आलेली आहेत. लगेच खोडू नका. “आकाशात ढग आहेत का?” असं विचारून दुसरा फोटो पुन्हा दाखवा. वरळी, वर्सोवा किंवा खारदांड्याच्या कोळीवाड्यातलं मूल वर्गात असेल तर त्याला भरती-उधाण घरचंच असतं. फळ्यापाशी त्याला बोलवा, तुम्ही बाजूला उभे राहा.

बाराव्या मिनिटापासून पडदा बंद. प्रत्येक जोडीला २४ सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी द्या, १ सेंटिमीटर म्हणजे १ तास. आजच्या भरतीच्या वेळा फळ्यावर लिहा आणि पट्टीवर निळ्या खडूने खुणा करायला सांगा. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास आणि मध्ये एक ओहोटी, हे मुलांना पट्टीवरच दिसतं. उद्या भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. उद्याची वेळ मुलांनाच काढू द्या. इथे तासाच्या ६० मिनिटांची बेरीज अडते. ९ वाजून ३० मिनिटांत ५० मिळवून ‘९ वाजून ८०’ लिहिणारी मुलं हमखास असतात. त्यांच्यासाठी खरं घड्याळ हातात ठेवा आणि काटा फिरवायला लावा. शेवटची पाच मिनिटं उत्तरांच्या कार्डांची, ती कशी ते पुढे.

कार्डं: सगळ्यांची उत्तरं, फोन एकच

प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. त्यावर काळ्या चौकटींची नक्षी असते आणि चार बाजूंना चार उत्तरं. ज्या उत्तराची बाजू वर, ते त्या मुलाचं उत्तर. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. साधा संच ४० कार्डांचा असतो. पट मोठा असेल तर ६३ कार्डांचा संच छापून घ्या. जाडसर कागद वापरा आणि चकचकीत लॅमिनेशन टाळा, कारण ट्यूबलाइटच्या परावर्तनाने कार्ड वाचलं जात नाही.

खरी अडचण लहान वर्गात येते. कार्ड तुमच्याकडे तोंड करून धरलं की मुलाला मागची कोरी बाजू दिसते, मग पहिलीच्या मुलाला वर काय आलंय ते कळत नाही. कार्ड खिडकीच्या काचेला लावा आणि पुढची अक्षरं जिथून दिसतात तिथेच मागे लाल, पिवळा, निळा, हिरवा असे ठिपके काढा. पडद्यावर पर्यायांपुढेही तेच रंग द्या. पहिली-दुसरीला दोनच पर्याय पुरेत. बोटं नक्षीवर येऊ नयेत म्हणून कार्ड दोन्ही हातांनी कडेला धरायची सवय आधी कोऱ्या कागदावर करून घ्या. एकही प्रश्न न विचारता फक्त ‘लाल वर’, ‘निळा वर’ असा खेळ दोन दिवस खेळलात तर पुढे वेळ वाचतो.

निम्म्याहून जास्त मुलं चुकली तर तोच व्हिडिओ पुन्हा लावू नका. त्याने समजलं नव्हतं म्हणूनच चुकली. वस्तू हातात द्या. आणि कोणाचं उत्तर काय आलं ते नावासकट पडद्यावर दाखवू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळे हुशार मुलाच्या कार्डाकडे बघून आपलं फिरवतात.

गोष्टी, आवाज आणि घरचा फोन

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपने उघडतात. तास सुरू असताना स्कॅन करत बसू नका. आदल्या दिवशी घरीच साहित्य डाउनलोड करून ठेवा, कारण जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत नेटवर्क ऐनवेळी जातं. वाचनासाठी प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात. गोष्टीचं एक पान दाखवा, उलटण्याआधी “पुढे काय होईल?” विचारा आणि दोन-तीन अंदाज फळ्यावर लिहा.

दुसरीपासून फोनचा रेकॉर्डर फार कामाचा. चौघांच्या गटाने ३० सेकंदांत गोष्टीचा शेवट सांगायचा. फोन तोंडापासून वीतभर लांब, पंख्याच्या झोतापासून दूर, माइकवर सुती रुमालाचा एक पदर. घरी मालवणी, भोजपुरी किंवा गुजराती बोलणारं मूल आधी आपल्या भाषेत बोललं तर बोलू द्या. दुसऱ्या खेपेला तेच ते मराठीत सांगतं आणि स्वतःचा आवाज ऐकताना स्वतःच शब्द दुरुस्त करतं.

घरी मात्र फोनवर अवलंबून असलेला अभ्यास देऊ नका. विरारची किंवा कल्याणची लोकल पकडून आई-बाबा रात्री नऊला पोहोचतात आणि फोन त्यांच्यासोबतच असतो. त्या घरातलं मूल सकाळी अभ्यास न केल्याचा ओरडा खातं, दोष त्याचा नसताना. पालकांच्या गटावर पाठवायचंच तर मिनिटभराचा आवाजी संदेश पाठवा. व्हिडिओ त्यांचा दिवसाचा डेटा खातो.

मुलांचे फोटो आणि रेकॉर्डिंग गटावर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. प्लिकर्समध्येही पूर्ण नावांऐवजी हजेरी क्रमांक भरा, काम तितकंच चालतं. रेकॉर्डिंग वर्गात ऐकून झालं की त्याच दिवशी फोनमधून काढून टाका.