सीएसव्हीची जेसन करताना रिकाम्या खान्यांचं काय करायचं

पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) सीएसव्ही (स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी फाइल) उघडली, जेसन (प्रोग्रॅम एकमेकांना डेटा पाठवतात तो मजकुराचा साचा) काढली, पाठवून दिली, आणि तासाभरात फ्रंटएंडवाला विचारतो की अरे ही पार्सच होत नाहीये, काय पाठवलंयस? घोळ बहुतेक वेळा रिकाम्या खान्यांचाच असतो.

आधी एक करा, पांडाजला अंदाज बांधू देऊ नका. पिनकोडच्या कॉलममध्ये एक जरी खाना रिकामा असला तरी ते अख्खा कॉलम फ्लोट करून टाकतं, मग 411038 चं होतं 411038.0. आणि नामिबियाचा दोन अक्षरी कोड आहे 'एनए', तो तर थेट रिकामा समजून उडवतं, म्हणजे देशच गायब! म्हणून रीड_सीएसव्हीला (फाइल वाचणारं फंक्शन) डीटाइप स्ट्रिंग द्या आणि कीप_डिफॉल्ट_एनए फॉल्स करा (dtype=str, keep_default_na=False), सगळं जसं लिहिलंय तसं येतं.

आता कॉलम बघा, एकेक. आपल्याकडच्या सरकारी तक्त्यात कुठे '-' असतो, कुठे 'निरंक', कुठे नुसती स्पेस, आणि सगळ्यांना एकच नियम लावला की वाट लागते, कारण 'निरंक' म्हणजे मोजलं आणि शून्य निघालं, तिथे 0 हवा, पण कोरा खाना म्हणजे माहितीच आली नाही, तिथे नन (None, पायथनचं 'काहीच नाही'). '-' चं मात्र ज्याने तक्ता भरलाय त्यालाच विचारा. सरसकट फिलएनए (रिकाम्या जागा भरणारं फंक्शन) शून्य करणारे लोक मला कळत नाहीत, सरासरी खाली येते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

स्ट्रिप करून (कडेच्या स्पेस काढून) मग छोटं फंक्शन लिहा: रिकामं असेल तर नन, 'निरंक' असेल तर 0, नाहीतर इंट (पूर्णांक). पुढे चेक करताना नुसतं 'इफ व्हॅल्यू' नको, खरा 0 पण त्यात गळतो, 'इज नॉट नन' लिहा.

ही व्हॅल्यू परत डेटाफ्रेमच्या नंबरच्या कॉलममध्ये टाकलीत तर ननचं गुपचूप नॅन (NaN, म्हणजे 'आकडा नाही') होतं, आधी कॉलम ऑब्जेक्ट टाइपचा करून घ्या. पायथनचं जेसन.डंप्स नॅन तसंच लिहून मोकळं होतं, जे जेसनमध्ये चालतच नाही, म्हणून अलाउ_नॅन फॉल्स ठेवा, तुमच्याकडेच एरर येईल. पांडाजचं टू_जेसन वापरलं तर ते स्वतःच नल (null, जेसनमधलं 'काहीच नाही') लिहितं.

राहिलं एक, नल पाठवायचा, का ती की-च (key, त्या खान्याचं नाव) गाळायची? अपडेटच्या एपीआयमध्ये (जिथे प्रोग्रॅम डेटा बदलायला पाठवतो) बऱ्याचदा नल म्हणजे 'पुसून टाक' आणि की नसणं म्हणजे 'हात लावू नको', तेव्हा डॉक्युमेंटेशन बघितल्याशिवाय लाइव्हवर सोडू नका.