लढाईत पडलेल्या कॅनेडियन बॉम्बर वैमानिकाची आठवण कशी जपावी

आधी त्याचा सेवा क्रमांक मिळवावा, कारण एकाच नावाचे अनेक जण नोंदींत सापडतात. कबर असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे तिचा ठिकाणा मिळतो. देह सापडलाच नसेल, तर दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकांच्या, इंग्लंडमधील रनीमीड स्मारकाच्या भिंतीवर नाव शोधावे. वैमानिकासोबत त्याचे सहकारीही पडतात: कॅनडातील कॅल्गरीत जन्मलेल्या, ब्रिटिश हवाई दलातील वैमानिक इयन बॅझलगेटने ४ ऑगस्ट १९४४ रोजी जळते लँकेस्टर बॉम्बर विमान फ्रान्समधील सेनांत गाव टाळून जमिनीवर उतरवले, पण स्फोटात तो आणि आत असलेले दोन जखमी सहकारी दगावले. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील नॅन्टन येथील संग्रहालयात त्याच्या विमानाच्या खुणा रंगवलेले लँकेस्टर उभे आहे. म्हणून माझा आग्रह असा, की स्मृतिपत्रात वैमानिकाशेजारी त्याच्या सर्व सहकाऱ्यांची नावेही लिहावीत.