बलाचं गणित: आधी बाण, मग सूत्र

बल = वस्तुमान × त्वरण हे सूत्र मला एका दिवसात पाठ झालं. त्यातल्या 'बल' या शब्दाचा अर्थ उमगायला मात्र बरेच महिने गेले.

गणित साधं होतं. 5 किलोग्रॅमची पेटी 20 न्यूटन बलाने ढकलली, घर्षण 5 न्यूटन, त्वरण किती? मी 20 ला 5 ने भागून 4 लिहिलं आणि पुढच्या गणिताला लागलो. उत्तर होतं 3. सूत्रात घालायचं ते परिणामी बल, म्हणजे 20 वजा 5, 15 न्यूटन. दिसला न्यूटनचा आकडा की घाल सूत्रात, ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडा.

त्यासाठी मी आजही आधी आकृती काढतो. वस्तूच्या जागी एक ठिपका आणि तिच्यावर लागणाऱ्या प्रत्येक बलाचा एक बाण. ती वस्तू इतरांवर जे बल लावते, त्याचा बाण इथे काढायचा नाही. मग एक दिशा धन ठरवायची आणि शेवटपर्यंत बदलायची नाही.

एककांचं काम सुरुवातीलाच उरकून घ्या: ग्रॅमचे किलोग्रॅम, ताशी किलोमीटरला 5/18 ने गुणून मीटर प्रति सेकंद.

या सगळ्याचा कस लागतो तो लिफ्टच्या गणितात, आणि मला हेच गणित सर्वांत आवडतं. 60 किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस लिफ्टमध्ये उभा आहे. लिफ्ट थांबलेली असताना तिची जमीन त्याला 60 × 9.8 (9.8 हे गुरुत्व त्वरण), म्हणजे 588 न्यूटन बलाने वर रेटते. लिफ्ट 2 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघाली, की वरच्या दिशेला 60 × 2 = 120 न्यूटन जास्त लागतात, म्हणून 708. वरचा मजला जवळ आला, लिफ्ट तेवढ्याच दराने मंदावू लागली. ती अजून वरच चालली आहे, पण त्वरण आता खाली आहे! जमिनीचं बल 588 वजा 120, म्हणजे 468. वेग जिकडे तिकडेच त्वरण, असं मनात बसलेलं असतं, म्हणून इथे हमखास चूक होते. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभे राहा. निघताना तळव्यांवर येणारा भार आणि थांबताना क्षणभर वाटणारा हलकेपणा म्हणजे हेच दोन आकडे.

लिफ्ट त्याच त्वरणाने खाली निघाली तर? बाण काढून बघा. पुन्हा 468 च येतात, कारण त्वरण याही वेळी खालीच आहे.