मार्गदर्शिकेतले स्क्रीनशॉट सुवाच्य हवेत? मग पीएनजीच निवडा

ऑनलाइन सातबारा कसा काढावा, वीजबिल कसं भरावं, अशी मार्गदर्शिका वाचणारा माणूस स्क्रीनशॉटमधलं बटण शोधत असतो. तिथली अक्षरंच पुसट असतील तर तो अडकलाच. हे बहुतेक वेळा चित्र जेपीजी या फाइल-प्रकारात साठवल्यामुळे होतं.

जेपीजी फोटोंसाठी आहे. तो चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतो. आभाळ, झाडी, चेहरे यांत ते खपून जातं. पांढऱ्यावरच्या काळ्या अक्षरांत मात्र सगळा खेळ कडांचा, त्यामुळे अक्षरांभोवती करडे ठिपके उठतात. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो: अनुस्वार कुठला आणि ठिपका कुठला, तेच कळेनासं होतं. रंगांचा तपशील तर बहुधा आणखी कमी ठेवला जातो, म्हणून ‘पासवर्ड चुकीचा आहे’ ही लाल ओळ सगळ्यात आधी फिसकटते. पीएनजी या दुसऱ्या फाइल-प्रकारात मात्र साठवताना एकही पिक्सेल बदलत नाही.

आधी अक्षरं मोठी करा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून झूम वाढवा, मगच स्क्रीनशॉट घ्या. लहान चित्र नंतर ताणून उपयोग नाही. विंडोजवर विंडोज-शिफ्ट-एस, मॅकवर कमांड-शिफ्ट-४ दाबून हवा तेवढाच भाग निवडा आणि पीएनजी म्हणून साठवा. काही अँड्रॉइड फोन थेट जेपीजी बनवतात. सेटिंगमध्ये पर्याय असेल तर तो बदला.

खरी गडबड पुढे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉट वाटेत आवळला जातो, तेव्हा तो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. वर्डमध्ये ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन फाइलमधली चित्रं कॉम्प्रेस न करण्याच्या खुणेवर टिक करा. एकदा जेपीजी झालेली फाइल पुन्हा पीएनजी करून गेलेले बारकावे परत येत नाहीत. अशा वेळी नवा स्क्रीनशॉट घेणंच बरं.

फाइल जड वाटली तर पीएनजीचे रंग २५६ वर आणा. साध्या फॉर्मच्या चित्रात फरक सहसा दिसत नाही. वेबसाइटसाठी वेबपी हा फाइल-प्रकारही चालेल, पण ‘लॉसलेस’ (काहीही न गाळणारा) पर्याय निवडूनच. स्क्रीनवर उपग्रह नकाशा किंवा मोठा फोटोच असेल, तर जेपीजी खुशाल वापरा.

शेवटी तयार पीडीएफ फोनवर उघडा आणि १०० टक्के झूमवर सगळ्यात बारीक ओळ वाचून बघा.