लायडारने जंगल मोजायचंय? आधी जमीन पक्की करा

लायडार म्हणजे विमानातून लेझर मारून, तो जिथे जिथे आदळून परत येतो त्या प्रत्येक पॉइंटची उंची मोजणं. त्यातून झाडांच्या उंचीचा नकाशा काढणं म्हणजे साधी वजाबाकी, शेंड्याची उंची वजा खालच्या जमिनीची उंची, आणि घोळ होतो तो बहुतेक वेळा जमिनीत, म्हणून झाडांकडे नंतर बघा असं मी प्रत्येकाला सांगते.

सरावाला यूएसजीएस या अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा थ्रीडीईपी नावाचा लायडार डेटा घ्या, फुकट मिळतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या जंगलाची एखादी टाइल, म्हणजे डेटाचा चौकोनी तुकडा, उतरवा. उतरवली की पहिल्यांदा एकक बघायचं, कारण काही टाइल्समध्ये उंची फुटांत असते, आणि ते लक्षात आलं नाही तर 30 मीटरचं झाड 98 मीटरचं दिसतं आणि रेडवुडमध्ये ते खरंही वाटतं! माझे यात दोन दिवस गेलेत. जगातलं सगळ्यात उंच झाड, हायपेरियन, याच भागात आहे, साधारण 116 मीटर, त्यामुळे त्याच्या वर काही दिसलं तर तो बहुतेक पक्षी नाहीतर नॉइज, म्हणजे चुकीचा पॉइंट. प्रत्येक पॉइंट कशाचा आहे ते त्याचा क्लास नंबर सांगतो; क्लास 7 आणि 18 चे पॉइंट म्हणजे नॉइजच, ते आधीच काढून टाका.

आता जमीन. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त क्लास 2, म्हणजे जमिनीचे पॉइंट, चालू ठेवा आणि उभा छेद काढून बघा, दाट झाडीखाली पॉइंट किती विरळ होतात ते लगेच कळतं. वर्गीकरण धड नसेल तर पीडॅल या लायडारच्या सॉफ्टवेअरमधला, जमिनीचे पॉइंट वेगळे काढणारा एसएमआरएफ फिल्टर चालवा, पण त्याचा स्लोप, म्हणजे उताराची मर्यादा, डिफॉल्टला 0.15 असतो, डोंगराळ भागात तेवढ्यावर ठेवला की धारेवरची खरी जमीनच कापली जाते, तिथे तो वाढवावाच लागतो. मग जमिनीचा हिलशेड, म्हणजे ऊन-सावलीचा नकाशा, काढा. बारीक बारीक फोड आल्यासारखी दिसली तर झुडपं जमिनीत धरली गेलीत, मोठे सपाट त्रिकोण दिसले तर तिथे जमिनीचे पॉइंटच नाहीत. हे निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुढचं सोपंय. फर्स्ट रिटर्न, म्हणजे लेझर पहिल्यांदा आदळून परतला ते पॉइंट, त्यांतला प्रत्येक पिक्सेलचा सगळ्यात वरचा पॉइंट घ्यायचा, त्यातून जमीन वजा करायची. झाडाच्या डोक्यात काळी भोकं दिसतील, लेझर फांद्यांमधून आत गेल्याने ती पडतात. ती लपवायला नुसतं स्मूदिंग केलं तर शेंडेही खाली येतात, त्यापेक्षा लिडआर या सॉफ्टवेअरमधली ही भोकं टाळणारी पिटफ्री पद्धत वापरा.

सह्याद्रीसाठी नासाच्या जेडी या लेझर उपकरणाचा डेटाही फुकट आहे, पण तो अंतराळ स्थानकावरून घेतलेला, एकेक शॉट 25 मीटर व्यासाचा गोल. उतार 30 अंशांचा असेल तर त्या एका गोलातच जमीन 14 मीटर खालीवर होते, म्हणजे झाड किती आणि डोंगर किती हे वेगळं काढणं अवघड. म्हणून क्वालिटी फ्लॅग 1, म्हणजे दर्जा चांगला अशी खूण, असलेलेच शॉट घ्या, उताराचा नकाशा वर ठेवा, आणि मी तर 20 अंशांवरचे शॉट सरळ काढूनच टाकते, कितीही कमी उरले तरी.