ओटीजीत पिझ्झा: आधी तवा तापवा

इटलीतल्या नेपल्सच्या लाकडी भट्टीचा तळ साधारण ४०० अंश सेल्सिअस तापलेला असतो, म्हणून तिथला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. घरचा ओटीजी, म्हणजे वर-खाली रॉड असलेला छोटा विजेचा ओव्हन, २५० अंशांवर थांबतो. ही तूट भरायची तर पिझ्झ्याखाली तापलेलं जाड लोखंड हवं आणि वर पाणी कमीत कमी.

ओटीजीबरोबर आलेला पातळ ट्रे या कामाचा नाही. थंड पीठ पडताच तो निवतो. बिडाचा सपाट तवा घ्या. प्लास्टिकची किंवा लाकडी मूठ नको, नॉनस्टिकही नको. तेलाचा थर पुसून काढा, नाहीतर घरभर धूर होईल.

चार पिझ्झ्यांसाठी ५०० ग्रॅम मैदा, ३२५ मिली पाणी, १० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक चमचा साखर, दोन चमचे तेल. नेपल्सच्या पिठात साखर-तेल नसतं. २५० अंशांना मात्र साखरेशिवाय नीट रंग येत नाही आणि तेलाशिवाय कडा वाळते. पीठ चिकट वाटेल, तरी वरून मैदा घालू नका. दहा मिनिटं मळलं की सुटतं. तासभर झाकून ठेवा, चार गोळे करा, डब्यात घालून २४ ते ४८ तास फ्रीजमध्ये ठेवा. भाजण्याच्या दीड तास आधी बाहेर काढा, उन्हाळ्यात तासभर पुरे. गोळा ताणताना मागे खेचला जातोय म्हणजे तो अजून थंड आहे. दहा मिनिटं थांबा.

सगळ्यात जास्त पिझ्झे पाण्याने बिघडतात. आपले टोमॅटो रसाळ, म्हणून किसून लसूण-मिठाबरोबर निम्मे होईपर्यंत आटवा, हाच सॉस. मश्रूम कोरड्या कढईत पाणी सुटून आटेपर्यंत परता. पालक वाफवून घट्ट पिळा. कांदा आणि सिमला मिरची कच्ची चालते, पण अगदी पातळ चिरून. ऑलिव्ह पुसून घ्या. चिकन आधी शिजवलेलंच हवं, सात मिनिटांत ते कच्चं राहतं. गोव्याचं चोरिस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) घातलंत तर आधी परतून चरबी निथळून घ्या. ते असेल तर सॉसमध्ये मीठ कमी. मोझरेला पाण्यातला असेल तर अर्धा तास चाळणीत ठेवून दाबा. प्रोसेस्ड चीजला तार सुटत नाही.

तवा वरच्या कप्प्यात ठेवून दोन्ही रॉड लावा आणि २५० अंशांवर पाऊण तास तापवा. ओटीजीचा दिवा विझला म्हणजे फक्त आतली हवा तापली. लोखंडाला अजून वेळ लागतो.

गोळा भाकरीसारखा बोटांनी थापा, मधून बाहेर, कडेचा दीड सेंटीमीटर न दाबता. लाटणं फिरवलंत तर कडेतली हवा जाते आणि ती फुगत नाही. नऊ इंच झालं की बारीक रवा भुरभुरलेल्या जाड पुठ्ठ्यावर घ्या. तीन टेबलस्पून सॉस, ८० ग्रॅम चीज, मूठभर टॉपिंग. याहून जास्त मोह नको. सॉस लावून पिझ्झा ताटकळत ठेवला की तळ पुठ्ठ्याला चिकटतो, म्हणून लावला की लगेच हलवून बघा.

घालण्याआधी वरचा रॉड लाल दिसायला हवा. थर्मोस्टॅटने बंद केला असेल तर दार काही सेकंद उघडं ठेवा, तो पुन्हा लागतो. पुठ्ठा तव्यावर टेकवून झटक्यात मागे ओढा. सहा ते आठ मिनिटं लागतात. वर रंग आला आणि तळ पांढराच असेल तर तवा कमी तापला होता. आत्ता तो पिझ्झा गॅसवरच्या गरम तव्यावर मिनिटभर ठेवून सावरता येतो. तळ करपून वर फिका राहिला तर पुढच्या वेळी कप्पा आणखी वर घ्या.

काढल्यावर जाळीवर ठेवा, ताटलीत वाफेने तळ मऊ पडतो. तुळस किंवा बेसिलची पानं आता घाला. दुसरा पिझ्झा लगेच लावू नका: तव्याला पुन्हा तापायला दहा मिनिटं द्या.