बल्बखालची पिल्लं खुराड्यात कधी न्यायची?

हॅचरीतून आणलेल्या कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब द्यायची, मग दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करायची आणि पाच-सहा आठवड्यांनी त्यांना बाहेर काढायचं, हा हिशेब सगळीकडे सांगतात. तो खोटा नाही, पण घाटावरच्या कोरड्या हवेत बसून मांडल्यासारखा वाटतो. आमच्या गुहागरच्या बाजूला मे महिन्यात दुपारी पडवीतच ३३ अंश असतात. त्यात बल्ब चालू ठेवला की पिल्लं चोची उघडून, पंख पसरून कडेला पडतात. आणि जुलैत २६ अंशांतही तीच पिल्लं काकडतात, कारण खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं झालेलं असतं. कोकणात पिल्लू थंडीने मरतं त्याहून जास्त ओलीने मरतं. त्यामुळे आधी ओल बघायची, अंश नंतर.

बल्ब जुना पिवळाच लागतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लामागे दोन वॅट धरा, म्हणजे पन्नास पिल्लांना शंभरचा एक. भोवती पत्र्याचं किंवा जाड पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. चौकोनी जागेत पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. ऊब बरोबर आहे की नाही हे पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर बल्ब खाली घ्या, कडेला पळाली तर वर. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर बल्बला हात लावू नका, समोरच्या बाजूने वारा कुठून येतोय ते शोधा. नीट पसरून, हळू आवाजात कुलकुलत असली की तुम्ही झोपायला मोकळे.

तुसाची परीक्षा मुठीत. रोज सकाळी बल्बच्या खालचं नाही, पाण्याच्या भांड्याजवळचं तूस उचलायचं आणि दाबायचं. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं तर ठीक. लाडवासारखं राहिलं तर तेवढं काढून टाका, कोरडं घाला, थोडी चुन्याची भुकटी मिसळा. हा कंटाळा करू नये. रक्ती हगवणीचे जंतू ओल आणि ऊब मिळाली की जोर धरतात, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं त्यात सापडायला लागतात. विष्ठेत रक्त दिसलं किंवा पिल्लू पंख सांडून, डोळे मिटून बसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. औषध पाण्यातून देतात, पण मात्रा डॉक्टरांनाच विचारा.

आता बाहेर काढण्याचं. पंखांवर पिसं लवकर येतात आणि माणूस फसतो. पिल्लू हातात घेऊन उताणं करा, छातीवर आणि पोटावर फुंकर मारा. नुसती लव उडाली, खाली गुलाबी कातडी दिसली, तर रात्री बाहेर ठेवण्याचं नाव काढू नका. पाठही बघा. डोक्यामानेची लव शेवटी जाते, तिच्यासाठी थांबायची गरज नाही.

दिवसा मात्र तिसऱ्या आठवड्यापासून काढता येतं, उघडीप असेल तर. गवतावरचं दव सुकू दे, म्हणजे थंडीच्या दिवसांत नऊ-साडेनऊ वाजतात. मग खळ्यात डालग्याखाली किंवा जाळीच्या खोक्याखाली तासभर. अर्धं ऊन, अर्धी सावली हवी. एका बाजूला झाप टाकला की काम झालं. कातळावर ठेवू नका, दुपारी तो तव्यासारखा तापतो. वर जाळी असलीच पाहिजे, घार आणि कावळे टपलेलेच असतात. बंदरावर जुनी मासेमारीची जाळी मिळतात, ती ताणून बांधली की घारीची काळजी मिटते. मुंगसाची मिटत नाही. त्यासाठी खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारेची घट्ट जाळी), आणि दाराखाली बोट जाईल एवढीही फट नको. त्या फटीतून उंदीर येतात, आणि उंदरामागून धामण.

रात्रीचा मुक्काम हलवण्याआधी आठवडाभर घरातच रात्रीचा बल्ब बंद करून बघा. एकदम नको, आधी पहाटेपर्यंत चालू ठेवा, मग मध्यरात्रीपर्यंत, मग अजिबात नाही. जन्मापासून उजेडात वाढलेली पिल्लं एकाएकी काळोख झाला की घाबरून ढीग करतात. म्हणून पहिल्या काही रात्री खुराड्यात झिरोचा दिवा ठेवा आणि कोपऱ्यांत पेंढा भरून ते गोल करा. ज्या दिवशी लस दिली त्याच्या आगेमागे दोन दिवस हलवू नका. लासोटाची, म्हणजे मानमोडीवरच्या लसीची, दुसरी मात्रा साधारण अठ्ठाविसाव्या दिवशी असते, नेमकी याच धामधुमीत.

खुराड्याची कुठली बाजू झाकायची, यावर बरंच अवलंबून आहे. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून येतो, तो चालतो, त्याने हवा खेळती राहते. पहाटे मतलई सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि डिसेंबर-जानेवारीत तो चांगलाच झोंबतो. तेव्हा रात्री पूर्वेची बाजू खालपासून दोन फूट गोणपाटाने झाका, वरचा भाग उघडा ठेवा. सगळंच ताडपत्रीने गुंडाळलं तर आतला वाफारा तुसात उतरतो. पावसाळ्यात उलटं, झड पश्चिमेची, आणि पिसं आली तरी मी आणखी आठवडा-दोन आठवडे थांबते. माझ्या सासूबाई तर मृगापासून पोळ्यापर्यंत कोंबडी रवणीलाच, म्हणजे अंड्यांवर उबवायला, बसवत नसत.

पावसात लाईट जाणार हे धरूनच चालायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी बाटल्यांत कढत पाणी भरा, जुन्या लुगड्यात गुंडाळा, पिल्लांमध्ये ठेवा आणि वरून टोपली घाला. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको, कोळशाच्या विषारी वायूने पिल्लं जातात आणि माणसंही. एखादं पिल्लू भिजलंच तर फडक्याने टिपून चुलीच्या वैलाजवळ टोपलीत ठेवा, अंग पुरतं सुकल्यावर कोमट गूळपाणी पाजा. सुकण्याआधी पाजत बसू नका.

नव्या खुराड्यात पहिले तीन-चार दिवस कोंडूनच ठेवा, म्हणजे ती जागा त्यांची होते. मग सूर्य मावळायच्या तासभर आधी दार उघडा. भुकेली पिल्लं कणीच्या आवाजाला परत येतात. आत घेताना मोजा. एखादं हमखास माडाच्या आळ्यात बसलेलं सापडतं, आणि शिंपणं झालेलं असेल तर पोटाखाली भिजलेलं. तेवढे दिवस जवळच्या माडांना सकाळीच पाणी द्या.